नवीन मिलिटरी पायलटला पहिल्या सॉर्टीपासून सोलोपर्यंत कसं शिकवायचं

हे लिहितोय ते नुकताच इन्स्ट्रक्टर कोर्स संपवून स्क्वाड्रनमध्ये आलेल्यांसाठी, ज्यांच्या नावापुढे बोर्डवर आता एक-दोन विद्यार्थी लिहिले गेलेत आणि सुरुवात नेमकी कुठून करायची हा प्रश्न पडलाय. सिलॅबस तुमच्याकडे आहेच, कुठल्या सॉर्टीत, म्हणजे एका उड्डाणात, काय शिकवायचं ते त्यात असतं, पण ते विद्यार्थ्याच्या हातात आणि डोळ्यात उतरवायचं कसं ते तिथे फारसं सापडत नाही. माझ्या मते सगळा गाभा दोन गोष्टींत आहे. विद्यार्थ्याचे डोळे बाहेर क्षितिजावर ठेवायचे, आणि त्याची चूक त्याला स्वतःला दिसेपर्यंत आपण कंट्रोलला हात न लावता थांबायचं. यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तुम्हाला विमान चांगलं उडवता येतं आणि समोर नाक भरकटताना दिसलं की हात शिवशिवतात.

मिलिटरी ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा, तास मोजून दिलेले असतात. पुढे याच विद्यार्थ्याला एअरोबॅटिक्स, इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, लो लेव्हल नेव्हिगेशन आणि फॉर्मेशन (दुसऱ्या विमानाला धरून जवळ उडणं) करायचंय, आणि आज ज्याला ट्रिम (स्टिकवरचं वजन काढून टाकणारी जुळवणी) नीट जमत नाही तो फॉर्मेशनमध्ये हमखास अडकतो, कारण तिथे नजर लीडरवरून हटवता येत नाही आणि हातात सारखं वजन धरून बारीक करेक्शन देता येत नाही. त्यामुळे पहिल्या काही सॉर्टीत "चालेल, पुढे सुधारेल" असं म्हणून काही सोडू नका.

उडण्याआधी, जमिनीवर

ब्रीफिंग लांबलचक नको. एका सॉर्टीत एकच मुख्य गोष्ट शिकवायची असते, ती फळ्यावर सगळ्यात वर लिहा. त्याच्याखाली विमान काढा, क्षितिजाची रेघ काढा आणि नाक कुठे दिसेल ते दाखवा. एअरोडायनॅमिक्सचा तास वर्गात झालेला असतो, इथे पुन्हा तो घ्यायचा नाही. इथे विद्यार्थ्याला कळायला हवं की आज वर गेल्यावर त्याला काय दिसणार, हातापायांनी काय करायचं आणि बरोबर झालं हे त्याला कसं ओळखू येणार.

कंट्रोलची देवाणघेवाण पहिल्याच दिवशी पक्की करा. "यू हॅव कंट्रोल", समोरून "आय हॅव कंट्रोल", आणि देणाऱ्याने पुन्हा एकदा खात्री करायची. हे जमिनीवर खुर्चीत बसून इतक्या वेळा म्हणवून घ्या की वर गेल्यावर विचार करावा लागू नये. विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल दोघांनाही शंका असणं ही कॉकपिटमधल्या सगळ्यात धोक्याच्या परिस्थितींपैकी एक आहे. आणखी एक, तुम्ही "आय हॅव कंट्रोल" म्हणालात की त्याने त्याच क्षणी सोडायचं, वाद घालायचा नाही, जो काही प्रश्न असेल तो नंतर.

इजेक्शन सीट (संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी) असेल तर पिना, स्ट्रॅप, हात-पाय कुठे ठेवायचे आणि इजेक्शनची कमांड काय, हे दर सॉर्टीच्या ब्रीफमध्ये आलंच पाहिजे, कंटाळा आला तरी. स्ट्रॅप-इन तुम्ही स्वतः डोळ्याने बघा.

सीटची उंची या गोष्टीकडे नवे इन्स्ट्रक्टर फार लक्ष देत नाहीत. विद्यार्थी दर वेळी वेगळ्या उंचीवर बसला तर क्षितिजाच्या तुलनेत नाक दर वेळी वेगळ्या जागी दिसणार, म्हणजे काल शिकलेलं चित्र आज खोटं ठरणार. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवा की डोळा कुठल्या रेषेत यायला हवा, आणि इंजिन सुरू करण्याआधी तेवढी उंची लावायची सवय लावा. लँडिंग "अचानक बिघडलं" अशी तक्रार आली तर आधी हेच तपासा.

खुर्चीत बसून डोळे मिटून अख्खी सॉर्टी मनात उडवणं, ज्याला चेअर फ्लाइंग म्हणतात, ते रोज करायला सांगा. हात खरंच हलवायचे, चेक मोठ्याने म्हणायचे, रेडिओ कॉलसुद्धा. याला पैसा लागत नाही, इंधन लागत नाही, आणि जो करतो त्याचं डोकं वर गेल्यावर मोकळं राहतं. सिम्युलेटरचाही उपयोग याचसाठी करा, चेक, स्विच, इमर्जन्सीचा क्रम. हाताचा हलकेपणा मात्र खऱ्या विमानातच येतो.

पहिली सॉर्टी

पहिल्या सॉर्टीत शिकवायची घाई करू नका. त्याला सरावाचा एरिया दाखवा, एअरफील्ड वरून कसं दिसतं ते दाखवा, आणि थोडा वेळ स्टिक हातात द्या. नवीन आवाज, मास्क, हेल्मेट, हार्नेस, रेडिओवरची बडबड, यातच त्याची निम्मी शक्ती जाते.

एअर सिकनेस बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेकांचा पहिल्या काही सॉर्टीत जातो. विद्यार्थी एकदम गप्प झाला, उत्तरं एका शब्दात यायला लागली, की समजून घ्या. विमान त्याच्या हातात द्या, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, थंड हवा तोंडावर येऊ द्या, वळणं हलकी घ्या. ज्याच्या हातात कंट्रोल असतो त्याला सहसा कमी त्रास होतो. आणि आपलं कौशल्य दाखवायला पहिल्या दिवशी लूप-रोल करून दाखवणं हा मला तरी विद्यार्थ्यावर अन्याय वाटतो, कारण त्या दिवसाची भीती पुढे कितीतरी सॉर्टी पुरते.

कंट्रोल काय करतात

इथून खरं शिकवणं सुरू होतं. पद्धत साधी आहे. आधी तुम्ही करून दाखवा आणि तो फक्त बघेल. मग तो हलक्या हाताने कंट्रोलवर हात ठेवून तुमच्याबरोबर येईल. मग तो करेल आणि तुम्ही बोलाल, आणि शेवटी तो करेल आणि तुम्ही गप्प बसाल. नवीन इन्स्ट्रक्टर ही शेवटची पायरीच गाळतात, शेवटपर्यंत बोलत राहतात, आणि मग विद्यार्थी तुमच्या आवाजावर उडवायला शिकतो, विमानाकडे बघून नाही.

एलिव्हेटरने नाक वर-खाली, एलरॉनने पंख कलतात, रडरने नाक डावी-उजवीकडे, हे त्याला माहीत असतंच. दाखवायचं असतं ते त्याच्या पुढचं. नुसती स्टिक डावीकडे टाकली की नाक आधी किंचित उजवीकडे जातं, कारण वर जाणाऱ्या पंखाला जास्त ड्रॅग (हवेचा अडथळा) लागतो, त्याला ॲडव्हर्स यॉ म्हणतात. दूरचं एखादं ढगाचं टोक किंवा डोंगर नाकासमोर ठेवून हे दाखवलं तर जन्मभर लक्षात राहतं. मग उलट करा, नुसता रडर द्या, विमान हळूहळू त्या बाजूला कलायला लागेल. पाय आणि हात एकत्र का लागतात ते त्याला इथे कळतं.

प्रोपेलरचं विमान असेल आणि प्रोपेलर कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर पॉवर वाढवली की नाक डावीकडे जायला बघतं, उजवा रडर लागतो, पॉवर कमी केली की उलट. टर्बोप्रॉप ट्रेनरमध्ये पॉवर भरपूर असते त्यामुळे हे ठळक दिसतं. पॉवर बदलली की पाय हललाच पाहिजे ही सवय आत्ता लागली तर पुढे टेकऑफ आणि गो-अराउंडला (उतरणं सोडून परत वर जाणं) वाचवते.

ट्रिमसाठी थोडा जास्त वेळ द्या. ट्रिमने नाक वर-खाली करायचं नसतं. आधी स्टिकने नाक हवं तिथे आणायचं, तिथेच धरून ठेवायचं, आणि मग हातातलं वजन शून्य होईपर्यंत ट्रिम करायचं. तपासायला सोपं आहे, सगळं स्थिर झाल्यावर त्याला हात सैल करायला सांगा, नाक जागचं हललं तर ट्रिम झालेलं नाही. घट्ट मूठ धरणाऱ्याला अंगठा आणि दोन बोटांनी स्टिक धरायला लावा. मुठीत धरलेल्या स्टिकमधून विमान काय सांगतंय ते कळतच नाही.

सरळ आणि लेव्हल

नवीन माणूस कॉकपिटमध्ये बसला की त्याची नजर समोरच्या इन्स्ट्रुमेंटवर चिकटते. अल्टिमीटर (उंची दाखवणारा) ५० फूट खाली दिसला की स्टिक ओढतो, मग वर गेला की ढकलतो, आणि हे चालूच. व्हर्टिकल स्पीड इंडिकेटर तर काही सेकंद मागे असतो, त्याच्या मागे लागणारा विद्यार्थी कायम भूतकाळाशी भांडत असतो.

यावर उपाय म्हणजे इन्स्ट्रुमेंट झाकून टाकणं. अल्टिमीटर आणि स्पीड झाका, डिस्प्ले असेल तर मंद करा, आणि त्याला सांगा की फक्त क्षितिज आणि नाक यांच्यातलं अंतर बघ आणि ते तसंच ठेव. थोड्या वेळाने उघडून दाखवा. नाक आणि पॉवर जागेवर असेल तर हाइट आणि स्पीड जवळजवळ जिथल्या तिथे सापडतील, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो कुठल्याही लेक्चरने येत नाही. ॲटिट्यूड (क्षितिजाच्या तुलनेत विमानाची स्थिती) आणि पॉवर मिळून परफॉर्मन्स ठरतो हे वाक्य त्याने वर्गात लिहून घेतलेलं असतं, इथे ते त्याला डोळ्याने दिसतं.

लुकआउट याच सॉर्टीपासून. आकाशाचे तुकडे पाडून एकेका तुकड्यावर नजर क्षणभर थांबवायची, कारण नजर नुसती फिरवत राहिलं तर लांबचं विमान दिसत नाही. जे विमान काचेवर एकाच जागी राहून मोठं होतंय ते तुमच्यावर येतंय, हे पहिल्या आठवड्यातच सांगा. वळण्याआधी त्या बाजूला बघायचं आणि मोठ्याने बोलायचं. टँडम सीटच्या विमानात, जसं पीसी-७ मार्क २ किंवा टी-६, तुम्ही मागे बसलेले असता आणि त्याचे डोळे दिसत नाहीत, तेव्हा त्याच्या हेल्मेटकडे लक्ष ठेवा. हेल्मेट हलत नसेल तर तो आत बघतोय. ग्रोब १२० टीपीसारख्या शेजारी-शेजारी बसायच्या विमानात डोळे आणि हात दोन्ही दिसतात, ती सोय पुरेपूर वापरा.

चढणं, उतरणं, वळणं

हे पटकन येतं, पण क्रम पक्का ठेवा. चढायला किंवा उतरायला सुरुवात करताना पॉवर, ॲटिट्यूड, ट्रिम. चढून लेव्हल होताना आधी ॲटिट्यूड, स्पीड आला की पॉवर, मग ट्रिम. लेव्हल व्हायला रेट ऑफ क्लाइंबच्या दहा टक्के आधी सुरुवात करायची, म्हणजे मिनिटाला ५०० फूट चढत असाल तर ५० फूट आधी.

वळणात ३० अंश कलावर फरक फारसा जाणवत नाही, पण ६० अंशाच्या लेव्हल वळणात २ जी लागतात, म्हणजे वजन दुप्पट वाटतं, आणि स्टॉलचा (पंखांची उचल कोसळण्याचा) वेग सुमारे १.४ पट होतो. म्हणजे सरळ उडताना ६० नॉट्सला स्टॉल होणारं विमान तिथे साधारण ८५ ला स्टॉल होईल. हा आकडा त्याला स्वतः काढायला लावा, कारण सर्किटमध्ये (रनवेभोवती फेरी मारून उतरताना) याच आकड्यावर त्याचा जीव अवलंबून असणार आहे. वळणातून बाहेर येताना कलाच्या निम्मे अंश आधी रोल-आउट सुरू करायचा, ३० अंश कल असेल तर हेडिंगच्या १५ अंश आधी.

शेजारी-शेजारी सीट असेल तर विद्यार्थी मध्यरेषेच्या बाजूला बसलेला असतो. डाव्या सीटवरून डावं वळण घेताना नाक वर गेल्यासारखं वाटतं आणि उजव्यात खाली. एका बाजूला वळताना नेहमी हाइट जाते आणि दुसरीकडे वाढते असं दिसलं तर कारण बहुतेक हेच असतं, त्याला दोन्ही बाजूंची चित्रं वेगवेगळी लक्षात ठेवायला सांगा. टँडममध्ये हा प्रश्नच नाही.

स्टॉल आणि स्पिन

विमानांच्या सुरुवातीच्या काळात स्पिन (स्टॉल होऊन गरगरत खाली येणं) म्हणजे मरणच समजलं जायचं. १९१२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क स्पिनमध्ये सापडले आणि फिरण्याच्या उलट रडर देऊन बाहेर आले, ते बघणारे तज्ज्ञ खाली हजर होते म्हणून त्याची चर्चा झाली. पण ट्रेनिंगमध्ये खरा बदल घडवला तो रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी. १९१६ च्या शेवटी त्यांनी इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला ट्रेनिंग स्क्वाड्रन हाती घेतली, १९१७ मध्ये तिची स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग झाली. तिथे ड्युअल कंट्रोलच्या ॲव्हरो ५०४ मध्ये विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवण्याऐवजी मुद्दाम त्यात नेऊन बाहेर कसं यायचं ते शिकवत, आणि बोलायला एक नळी असायची, तिचं नावच गॉस्पोर्ट ट्यूब पडलं. आज आपण जे करतो त्याचा पाया हाच आहे, आणि शंभरहून जास्त वर्षांनीही मला तो पूर्ण बरोबर वाटतो. घाबरलेल्याला स्पिनची गोष्ट सांगून भीती जात नाही, त्याने स्वतःच्या हाताने त्यातून बाहेर यावं लागतं.

सुरुवात करण्याआधी चेक: हाइट पुरेशी आहे ना, फ्लॅप-गिअर, कॉकपिटमध्ये काही सुटं नाही ना, इंजिन, खाली वस्ती किंवा ढग नाही ना, आणि वळून पूर्ण लुकआउट.

स्टॉल शिकवताना एक गोष्ट ठासून सांगा, स्टॉल वेगावर नाही, अँगल ऑफ अटॅकवर (समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन) होतो, आणि तो कुठल्याही वेगाला आणि कुठल्याही ॲटिट्यूडला होऊ शकतो. स्टिक पुढे करून अँगल कमी करणं हे सगळ्यात पहिलं, बाकी सगळं त्यानंतर. आधी लक्षणं ओळखायला शिकवा: हवेचा आवाज कमी होतो, कंट्रोल ढिले वाटतात, मग थरथर. पूर्ण स्टॉलपेक्षा थरथर सुरू झाल्यावर लगेच बाहेर येण्याचा सराव जास्त करून घ्या, कारण सर्किटमध्ये हाइट तेवढीच मिळते. स्टॉलमध्ये एका बाजूचा पंख अचानक खाली गेला की नवीन माणूस सहजपणे एलरॉन टाकतो, त्याने प्रकरण बिघडू शकतं, हे उंचावर दाखवून द्या.

स्पिनची रिकव्हरी तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये जशी लिहिलीय तशीच, शब्दशः. बऱ्याच विमानांत पॉवर आयडल, एलरॉन मधे, फिरण्याच्या पूर्ण उलट रडर, मग स्टिक पुढे, आणि फिरणं थांबलं की रडर मधे करून डाइव्हमधून हळूच बाहेर असा क्रम असतो, पण काही ट्रेनरमध्ये सगळे कंट्रोल मधे आणायला सांगितलेलं असतं. दुसऱ्या विमानाची सवय इथे आणू नका. ठरवलेल्या हाइटपर्यंत स्पिन थांबला नाही तर काय करायचं तेही ब्रीफमध्ये आकड्यासकट असलं पाहिजे.

जी लागायला लागले की पाय आणि पोट आवळून धरायची आणि साधारण तीन-तीन सेकंदांनी झटकन श्वास घ्यायची पद्धत शिकवा, आणि जी यायच्या आधी आवळायचं. नजर करडी होणं ही सूचना समजायची आणि ओढणं कमी करायचं.

सर्किट आणि लँडिंग

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त सहनशक्ती इथे लागते. आधी गो-अराउंड शिकवा, मग लँडिंग. ज्याला गो-अराउंड सहज जमतं तो वाईट अप्रोच ओढून-ताणून जमिनीपर्यंत नेत नाही. पॉवर टाकली की नाक वर जायला बघेल आणि बाजूला वळेल, स्टिक पुढे दाबून आणि रडर देऊन ॲटिट्यूड धरायचा, मग गिअर-फ्लॅप तुमच्या मॅन्युअलच्या क्रमाने.

डाउनविंड (सर्किटचा रनवेला समांतर भाग) नीट झाला तर लँडिंगचं अर्धं काम झालं. अंतर एकसारखं, हाइट एकसारखी, चेक वेळेवर संपलेले. विद्यार्थी चेकमध्ये अडकून उशिरा वळला तर पुढचं सगळं घाईत होतं. म्हणून चेक डाउनविंडच्या सुरुवातीलाच उरकायची सवय लावा.

फायनलसाठीचं, म्हणजे रनवेच्या रेषेत यायचं, वळण ही सर्किटमधली सगळ्यात धोकादायक जागा. वाऱ्याने विमान रनवेच्या पलीकडे जायला लागलं की नवीन पायलट वळण आवळतो, कल आधीच खूप आहे म्हणून घाबरून रडर देतो, नाक खाली जातं म्हणून स्टिक ओढतो, आणि हे तिन्ही एकत्र म्हणजे कमी उंचीवर स्पिनची पूर्ण तयारी. नियम ठेवा की ठरलेल्या कलापेक्षा जास्त लागत असेल तर वळण आवळायचं नाही, सरळ गो-अराउंड. हे बोलून पटत नाही, उंचावर काल्पनिक रनवे ठरवून त्याच्याकडून करून घ्या म्हणजे किती हाइट जाते ते त्याला कळेल.

फायनलवर एम पॉइंट (रनवेवर जिथे पोचायचं ठरवलंय ती जागा) काचेवर एका जागी स्थिर राहिला पाहिजे. तो वर सरकतोय म्हणजे आपण त्याच्या अलीकडेच खाली पोचणार, खाली सरकतोय म्हणजे पुढे जाणार. ३ अंशाच्या ग्लाइडवर ग्राउंड स्पीडला ५ ने गुणलं की साधारण रेट ऑफ डिसेंट मिळतो, १०० नॉट्सला मिनिटाला ५००. ठरलेल्या हाइटला स्पीड, पॉवर, रनवेची रेघ आणि कॉन्फिगरेशन (गिअर-फ्लॅपची स्थिती) जागेवर नसेल तर गो-अराउंड, आणि हा निर्णय त्याने घेतला की त्याचं कौतुक करा, भले त्या वेळी तुम्हाला वाटलं असेल की जमलं असतं. अरुंद रनवेवर आपण उंच आहोत असं वाटून माणूस खाली जातो, रुंदवर उलट, दुसऱ्या फील्डवर नेण्याआधी हे सांगून ठेवा.

फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतरण्याचा वेग कमी करणं. इथे बहुतेक जण अडकतात आणि बहुतेक वेळा कारण हाताचं नसतं, डोळ्याचं असतं. विद्यार्थी नाकासमोरच्या जमिनीकडे बघत राहतो, ती जमीन धावत येते, तो दचकून स्टिक ओढतो आणि विमान वर फुगतं, म्हणजे टेकायच्या ऐवजी परत वर जातं. फ्लेअर सुरू होताना नजर रनवेच्या लांबच्या टोकाकडे न्यायची, मग डोळ्याच्या कडांनी खाली येण्याचा वेग कळतो. हे शिकवायला तुम्ही कंट्रोल घ्या, रनवेवर अगदी कमी उंचीवरून लेव्हल उडत जा आणि त्याला फक्त बघू द्या, त्याच्या डोळ्यात ते चित्र बसू द्या. फुगलं किंवा उसळलं तर स्टिक ढकलायची नाही, किंचित असेल तर ॲटिट्यूड धरायचा, जास्त असेल तर गो-अराउंड.

लँडिंग काही दिवस सुधारतं आणि मग अचानक बिघडतं, जवळजवळ प्रत्येकाचं. अशा वेळी आणखी दहा सर्किट मारून उपयोग होत नाही, थकवा फक्त वाढतो. एरियात जा, स्लो फ्लाइंग करा, ट्रिम तपासा, एखादी इमर्जन्सी करा, आणि दुसऱ्या दिवशी परत सर्किटला या.

आता हात कधी घालायचा. तुमचा हात स्टिकच्या जवळ असू द्या पण स्टिकवर नको, पाय पेडलच्या जवळ पण दाबून नकोत. तुम्ही गुपचूप थोडं-थोडं करेक्शन देत राहिलात तर त्याला कधीच कळणार नाही की विमान त्याने बसवलं की तुम्ही. प्रत्येक टप्प्यासाठी स्वतःच्या मनाशी आधीच हद्द ठरवा, किती स्पीड कमी, किती हाइट कमी, रेषेपासून किती लांब. हद्दीच्या आत असेपर्यंत गप्प. जवळ आली की एक शब्द: "स्पीड", "नाक", "रेघ". वाक्य नको, वाक्य समजून घेण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. हद्द ओलांडली की स्पष्ट "आय हॅव कंट्रोल", आणि जमिनीजवळ ती हद्द अगदी छोटी ठेवा. ओरडू नका, ओरडल्यावर माणूस गोठतो आणि स्टिक आणखी घट्ट धरतो.

इमर्जन्सी

मेमरी आयटम (इमर्जन्सीत न बघता करायच्या कृती) शब्दशः पाठ, अर्धवट चालत नाही. वर मात्र क्रम एकच: आधी विमान उडवायचं, मग कुठे जायचं, मग बोलायचं. इंजिन गेल्याचा सराव करताना पहिली हालचाल नाक खाली आणून ग्लाइड स्पीड पकडण्याची, ट्रिम, मग जागा. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळण्याची ओढ फार जबरदस्त असते, कुठल्या हाइटखाली वळायचं नाही ते टेकऑफच्या आधी त्याने तोंडाने म्हणायचं. इजेक्शन सीट असेल तर इजेक्शनचा निर्णय किती हाइटपर्यंत घ्यायचा तेही.

डिब्रीफ

आधी त्याला बोलू द्या. "कसं झालं" असं मोघम विचारू नका, "तिसऱ्या सर्किटला फायनलवर काय दिसत होतं" असं विचारा. तो जर स्वतः चूक सांगू शकला तर शिकवण्याचं काम झालेलंच आहे. सांगू शकला नाही तर मग तुम्ही सांगा, पण लक्षण आणि कारण वेगळं करा. "हाइट सांभाळली नाहीस" हे लक्षण आहे. कारण ट्रिम असेल, सीटची उंची असेल, घट्ट मूठ असेल किंवा आत अडकलेली नजर असेल, ते शोधणं हे तुमचं काम. दोन मुद्द्यांपेक्षा जास्त देऊ नका. आणि सगळ्यांसमोर कुणाची दुसऱ्या कॅडेटशी तुलना करू नका, बॅचमध्ये आधीच पुरेसा ताण असतो. झोप झालीय का, घरी काही आहे का, हेही विचारा, कारण न झोपलेल्या माणसाला कोणीच शिकवू शकत नाही.

सोलो

एक सुंदर लँडिंग बघून सोलो देऊ नका. बघायचं ते हे की सर्किट एकसारखं येतंय का, चुकलं तर तो तुमच्या शब्दाशिवाय स्वतः दुरुस्त करतोय का, गो-अराउंड स्वतःहून घेतोय का, रेडिओवर अनपेक्षित काही आलं तर विमान हातातून निसटतंय का. शेवटच्या एक-दोन सॉर्टीत तोंडातून शब्द काढू नका, मग खरं चित्र कळतं. बऱ्याच ठिकाणी सोलोआधी दुसरा इन्स्ट्रक्टर चेक घेतो आणि ती पद्धत चांगली आहे, रोज बघून आपल्याला विद्यार्थ्याच्या काही चुकांची सवय झालेली असते.

सोडताना ब्रीफ छोटा. विमान तुमच्या वजनाइतकं हलकं असेल, लवकर उचलेल आणि पटापट चढेल, टँडममध्ये मागची सीट रिकामी असल्याने बॅलन्स थोडा पुढे सरकेल म्हणून स्टिक वेगळी लागेल. मागचे स्ट्रॅप बांधून ठेवा, सुटा स्ट्रॅप कंट्रोलमध्ये अडकू शकतो, आणि त्या सीटच्या पिना स्वतः तपासा. नवीन काही शिकवायची ही वेळ नाही.

सोलोनंतरची पहिली ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबरची) सॉर्टी फार दिवस लांबवू नका आणि ती सर्किटने सुरू करू नका. एरियात जा, ट्रिम, लुकआउट, लेव्हल वळणं बघा, कारण सोलोच्या आनंदात याच गोष्टी सैल पडतात, आणि त्या जागेवर असतील तर त्याच सॉर्टीत पुढचा धडा सुरू करा.